ॲश्लीच्या नावाचा स्कर्ट

मे महिन्यात अंधेरीत लोकर शिवायला घेणारी बाई एक तर वेडी असते, नाही तर तिला कुठेतरी जायचं असतं. बेव्हर्ली वेडी नव्हती. वेडी असते तर बरं झालं असतं, असं तिला स्वतःलाच अधूनमधून वाटायचं. वेड्या माणसाला निदान कुणी जाब तरी विचारत नाही.

एमआयडीसीच्या काचेच्या इमारतींमागे जे गावठाण अजून तग धरून आहे, त्यात तिचं घर. वरचा मजला भाडेकरूंना दिलेला. खाली एक लांबट खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याला चिकटून न्हाणी. खोलीत खिडकीपाशी तिची आई ऑलिव्ह खुर्चीत बसायची आणि खुर्चीच्या बरोबर समोर शिलाईचं मशीन. ही मांडणी ऑलिव्हनेच केली होती. एके काळी गावठाणातल्या निम्म्या पोरींना तिने शिवण शिकवलं होतं. आता गुडघे गेले होते, पण डोळे घारीचे राहिले होते. बेव्हर्लीने सुईत दोरा ओवला तरी खुर्चीतून आवाज यायचा, "लांब घेतलास. गुंतेल." आणि तो गुंतायचाच. त्याचाच जास्त राग यायचा.

हिमाचलात, डोंगरावर, नन्सची एक जुनी निवासी शाळा होती. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाला मेट्रन हवी होती, जमल्यास शिवण शिकवणारी. चर्चमधल्या एका सिस्टरने बेव्हर्लीचं नाव कळवलं, फोनवर मुलाखत झाली, आणि तिकडच्या मोठ्या सिस्टरने हसत सांगितलं, "या तुम्ही. पण लोकरीचे स्कर्ट घेऊन या, इथे जुलैतसुद्धा सकाळी हात गारठतात." हात गारठतात! बेव्हर्लीने फोन ठेवला, घामाने निथळत तव्यावरची पोळी उलटली आणि ते वाक्य दिवसभर लिमलेटच्या गोळीसारखं तोंडात घोळवत राहिली. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. येत्या रविवारी संध्याकाळी सिस्टर पक्कं विचारायला पुन्हा फोन करणार होत्या. बेव्हर्लीचा भाऊ वेन बायको दीप्तीबरोबर मुलुंडला राहायचा. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मम्मीला मी आणतो इकडे. दीप्तीपण हो बोलली. पण मम्मीला तू सांग हां. मी नाय सांगणार."

म्हणजे राहिलं होतं ते एवढंच, आईला सांगणं.

एवढंच म्हणायला काय जातं! याआधी बेव्हर्ली दोनदा घरातून निघायच्या बेतात होती. एकदा कुवेतच्या एका कुटुंबात कामाला आणि एकदा मनोरीच्या ब्रेंडनशी लग्न करायला. दोन्ही वेळा ऑलिव्ह म्हणाली, "तुझी मर्जी." आणि दोन्ही वेळा ती मर्जी कुठे विरघळून गेली, ते बेव्हर्लीला कळलंच नाही. कुवेतच्या वेळी ऑलिव्हला चक्कर यायला लागली. ब्रेंडनच्या वेळी छातीत धडधड. डॉक्टरांना काही सापडलं नाही. पण डॉक्टरांना न सापडणाऱ्या दुखण्याला औषधही नसतं, त्याला घरात माणूसच लागतं. मार्व्हेहून फेरीबोटीने मनोरीला जाऊन बेव्हर्लीने ब्रेंडनला स्वतः 'नाही' म्हणून सांगितलं, आणि त्याच बोटीने ती परत आली. तो थोडे दिवस थांबला, मग दुसरीशी लग्न करून मोकळा झाला. मोकळा तो झाला.

या खेपेला तिने स्वतःशी करार केला होता. स्कर्ट पुरा झाला की त्याच दिवशी सांगायचं. अर्ध्या कपड्यावर तोंड उघडायचं नाही. माणसाला असल्या अटी का लागतात कोण जाणे, पण घाबरट माणसाला लागतात, आणि बेव्हर्ली घाबरट होती हे तिला मान्य होतं.

कापड तिने कुर्ल्यातल्या एका जुन्या सुटिंगच्या दुकानातून आणलं. दुकानदाराने शिडी लावून वरच्या फळीवरून तागा काढला, धूळ झटकली आणि म्हणाला, "मॅडम, हे मी कुणाला शेवटचं विकलं तेच आठवत नाय." गडद तपकिरी, जाड, हातात घेतलं की वजन जाणवणारी लोकर. नमुना मात्र घरचा होता. तिची गॉडमदर फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट होती. तिने मरण्यापूर्वी आपल्या तरुणपणच्या कपड्यांचे ब्राउन पेपरवर कापलेले नमुने बेव्हर्लीला दिले होते. त्यातला हा स्कर्ट: कमरेला उंच पट्टा, सहा कळ्या, कुल्ल्यांवरून सरळ उतरून गुडघ्याखाली हळूहळू उघडणारा घेर, आणि मागे चालायला एक चूण. असला स्कर्ट आता मॉलमध्ये मिळत नाही. मिळतो तो एक तर मांडीवरच संपतो, नाही तर पॉलिस्टरचा असतो, आणि पॉलिस्टर घालून थंडीत उभं राहणं म्हणजे छत्रीला भोक पाडून पावसात जाणं.

आता खरी अडचण. घारीच्या डोळ्यांसमोर स्वतःचा स्कर्ट शिवायचा कसा? लपवायला दुसरी खोली नाही. ऑलिव्ह बाहेर कुठे जात नाही. तेव्हा बेव्हर्लीने लपवायचंच नाही असं ठरवलं. गिऱ्हाइकांचे कपडे तिच्याकडे रोज येत. ब्लाउज, फर्स्ट कम्युनियनचे फ्रॉक, पडदे. त्यांतच हा एक. तिने सोमवारी सकाळी लोकर सरळ मशीनवर पसरली.

"कुणाचं गो हे?" खुर्चीतून लगेच आलं.

"गिऱ्हाइकाचं."

"लोकर घालणारं गिऱ्हाईक अंधेरीत कुठून आलं?"

बेव्हर्लीने उत्तर तयार ठेवलं नव्हतं. खोटं बोलावं तर रेटून बोलावं म्हणतात, पण रेटायला आधी खोटं तरी जुळवलेलं लागतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "ॲश्लीचं. रेमंड अंकलच्या ॲश्लीचं. आयर्लंडला चाललीय ना नर्स म्हणून."

"अस्सं," ऑलिव्ह म्हणाली. "पोर हुशार आहे. भिजत घातलंस का कापड?"

या घरात कुठलंही कापड बेतायच्या आधी बादलीत भिजत पडायचं, हा दहा आज्ञांनंतरचा अकरावा नियम होता. लोकर बादलीत घातली तर ती आखडून नमद्यासारखी घट्ट होते आणि सहा कळ्यांचा स्कर्ट बाहुलीला पुरतो. बेव्हर्लीने ते समजावून सांगितलं. ओलं फडकं टाकून वरून इस्त्री फिरवायची, वाफेने लोकर जेवढी आकसायची तेवढी आकसते. ऑलिव्हने आयुष्यात लोकर शिवलेली नव्हती. तिने नुसतं ऐकून घेतलं. आईला काही बोलायला सुचलं नाही, याचा बेव्हर्लीला इतका आनंद झाला की आपण नुकती जी थाप मारली तिच्याकडे तिचं लक्षच राहिलं नाही.

मग दोन दिवस ती इस्त्री करत राहिली. पंखा बंद, कारण पंखा लावला की ब्राउन पेपरचे तुकडे उडायचे. ओल्या लोकरीला मेंढराचा वास सुटला. खोलीत वाफ, डोक्यावर दर थोड्या वेळाने विमान, आणि समोर ऑलिव्ह चर्चच्या पत्रकाने वारा घेत बसलेली. घाम बेव्हर्लीच्या पाठीवरून कमरेत उतरायचा. तिच्या मनात यायचं, पळून जाणाऱ्या बायका खिडकीतून चादरी सोडतात म्हणे, आणि मी बघा, आईच्या समोर बसून इस्त्री करतेय.

कळ्या बेतल्या, कच्चे टाके घातले, टिपा मारल्या, अस्तर लावलं, चेन बसवली. काम नेटकं होत होतं, कारण समोरून सूचना येत होत्या आणि त्या बरोबर असत. "चेनीखाली पट्टी घाल. जाड कापडाला लागते." घातली. "शिवण उघडून दाब, नाय तर फुगेल." दाबली. आई आपल्याला इथून बाहेर पडायला मदत करतेय आणि तिला ते माहीत नाही, असं बेव्हर्लीच्या मनात यायचं. एकदा तर तिला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पण स्कर्ट पुरा कुठे झाला होता?

गुरुवारी कमरेचा पट्टा बसवायचा होता. पट्टा अंगावर बघितल्याशिवाय बसत नाही. ज्याचा स्कर्ट, त्याच्या अंगावर. बेव्हर्लीने स्कर्ट टॉवेलात गुंडाळला आणि न्हाणीत शिरून कडी लावली.

आत आरसा तळहाताएवढा. तिने गाऊन वर करून स्कर्ट चढवला, पट्टा कमरेवर धरला, चेन ओढली आणि हाताने चाचपून पाहिलं. छान बसला होता. कमरेत कुठेही सुरकुती नव्हती. क्षणभर तिला त्या अंधाऱ्या न्हाणीत, बादली आणि कपड्यांच्या साबणाच्या वासात, हसूच आलं. मग चेन खाली ओढली तर ती खाली येईना. अस्तर अडकलं होतं. तिने ओढलं, वर सरकवलं, साबण लावला. चेन ढिम्म. लोकर घामाने मांड्यांना चिकटली. श्वास पोटात घेऊन ओढलं, श्वास सोडून ओढलं. ओढून फाडायची हिंमत होत नव्हती, आणि न फाडता सुटका नव्हती. इकडे आड तिकडे विहीर.

"बेव्ह!" बाहेरून हाक आली. "काय करतेस इतका वेळ? मला गरगरतंय गो."

झालं. दोरी ओढली की घंटा वाजावी तसे बेव्हर्लीचे पाय त्या शब्दाला उचलले जायचे. तिने गाऊन खाली सोडला, लोकरीवरच, आणि बाहेर आली. ऑलिव्हला साखर-पाणी दिलं. ऑलिव्हला बरं वाटलं. मग भाताची वेळ झाली. बेव्हर्लीने गाऊनखाली लोकरीचा स्कर्ट घालून भात लावला, सुकटाची चटणी भाजली, आईला वाढलं, तिची भांडी घासली. मे महिन्याच्या भर दुपारी. पाय भाजून निघत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि ऑलिव्ह शांतपणे जेवता जेवता तिच्याकडे बघत होती.

"जाड झालीस काय गो कमरेत?" ती म्हणाली.

"उकाड्याने फुगल्यासारखं होतं," बेव्हर्ली म्हणाली. ऑलिव्हचा डोळा लागल्यावर स्वयंपाकघरात जाऊन तिने सुरीच्या टोकाने अस्तराचा धागा तोडला आणि स्कर्ट खाली पडला. ती तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार यालाच म्हणतात, आणि बुक्के मारणारे हातही तिचेच होते.

शुक्रवारी सकाळी ऑलिव्ह म्हणाली, "टेबलावर पांढरं फडकं घाल. मेणबत्ती लाव." तेव्हा कुठे बेव्हर्लीला तारीख आठवली. महिन्याचा पहिला शुक्रवार होता. गावठाणातल्या ज्या म्हाताऱ्यांना चर्चपर्यंत जाता येत नाही, त्यांच्या घरी पहिल्या शुक्रवारी कम्युनियनचा पवित्र प्रसाद घेऊन चर्चचा माणूस येतो, आणि त्यांच्या गल्लीत येणारा माणूस कोण, तर रेमंड अंकल. ॲश्लीचा बाप. वर्षानुवर्षं दर महिन्याला ती त्याच्यासाठी फडकं घालत आली होती, मेणबत्ती लावत आली होती, आणि थाप मारायला जगातल्या इतक्या पोरींमधून तिला त्याचीच पोर सापडली होती. कपाळ बडवून घ्यावं अशी चूक, पण मेणबत्ती हातात असताना कपाळ बडवता येत नाही.

रेमंड अंकल पांढऱ्या शर्टात, छातीशी छोटी डबी धरून आले. डबीत प्रभू असेपर्यंत ते वाटेत कुणाशी बोलत नाहीत, हा त्यांचा नेम. पण ऑलिव्हचं घर त्यांच्या फेरीतलं शेवटचं. तिथे डबी रिकामी व्हायची आणि त्यांची जीभ सुटायची. प्रार्थना झाली. ऑलिव्हने डोळे मिटून कम्युनियन घेतलं. बेव्हर्ली दाराशी हात जोडून उभी होती आणि प्रार्थनेच्या शब्दांमध्ये स्वतःचे दोन घुसवत होती: बोलू नको, बोलू नको.

डोळे उघडून ऑलिव्ह म्हणाली, "रेमंड उन्हातून आलाय. कोकमचं सरबत दे गो त्याला."

बेव्हर्ली आत गेली. एवढ्या घाईने सरबत कुणी केलं नसेल. चमचा पडला, तो उचलला नाही. बाहेरून कुजबुज ऐकू येत होती, पण वरून नेमकं त्याच वेळी विमान गेलं. ती ग्लास घेऊन बाहेर आली तेव्हा रेमंड अंकल गटाराबद्दल बोलत होते. पालिकेने खणलंय आणि तसंच टाकलंय. ऑलिव्ह मान डोलवत होती. सरबत पिऊन, "येतो ऑलिव्हबाय," म्हणून ते गेले. स्कर्टचं नाव नाही, ॲश्लीचं नाव नाही. बेव्हर्लीने मेणबत्ती विझवली आणि देवाचे आभार मानले. देवाला त्या दिवशी तिची गंमतच वाटली असणार.

शनिवारी दुपारी स्कर्ट जवळजवळ पुरा झाला. खालची हेम राहिली होती आणि कमरेचा हूक. संध्याकाळपर्यंत ते होणार होतं, आणि संध्याकाळी ती सांगणार होती. वाक्यही तिने ठरवलं होतं: "मम्मी, मला काम मिळालंय." कामापासून सुरुवात करायची, गावाचं नाव मागाहून. ती हेम दुमडत होती तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

"बेव्ह आंटी, तू पण ना!" ॲश्लीने आत येऊन सरळ तिच्या गळ्यात हात टाकले. हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून आली होती, केसांना अजून क्लिपा. "पपाने सांगितलं मला. ग्रॅनीने त्यांना काल सांगितलं, तू मला सरप्राइज गिफ्ट शिवतेयस ते. आयर्लंडला न्यायला! मला तर रडूच आलं यार. कोण करतं एवढं?"

बेव्हर्लीने आईकडे पाहिलं. ऑलिव्ह पत्रकाने वारा घेत होती.

"मीच म्हटलं येऊन घालून बघ," ऑलिव्ह म्हणाली. "अंगावर बघितल्याशिवाय हेम कशी घालणार? बेव्ह, दे तिला."

आणि बेव्हर्लीने दिला. हे सांगायला लाज वाटते, पण तिने खरंच दिला. तिच्या हाताने स्कर्ट उचलला आणि पोरीच्या हातात ठेवला. 'तुझा नाही' हे दोन शब्द तिच्या घशात होते. पण ते बोलले तर 'मग कुणाचा' हा प्रश्न आलाच, आणि त्याचं उत्तर हेम आणि हुकाच्या पलीकडे, संध्याकाळसाठी राखून ठेवलेलं. ॲश्ली न्हाणीत गेली. चेन सुळकन लागल्याचा आवाज आला.

ती बाहेर आली तेव्हा स्कर्ट तिच्या कमरेवर सैल लोंबत होता. पोर काटकुळी. तरी तिने एक गिरकी घेतली, घेर फुलला, मागची चूण उघडली. "झकास आहे आंटी! जुन्या काळातल्या बाईसारखी वाटते मी. फक्त ढगळ होतोय ना जरा?"

"इकडे ये," ऑलिव्ह म्हणाली. तिने खुर्चीच्या हातावरची टाचण्यांची उशी घेतली, पोरीला समोर उभं केलं आणि दोन्ही बाजूंनी कापड चिमटीत धरून टाचण्या लावल्या. गुडघे गेले असले तरी हात पक्के होते. "दोन्हीकडून दोन-दोन बोटं घे, बेव्ह. आणि आतली जास्तीची लोकर कापून टाक. जाड आहे. ठेवलीस तर फुगेल."

ॲश्लीने स्कर्ट उतरवून मशीनवर ठेवला आणि जीन्स घालून स्टुलावर बसली. डब्लिनमध्ये घर कसं मिळत नाही, तिच्या मैत्रिणी कशा चौघी एका खोलीत राहतात, असं काहीबाही सांगू लागली. बेव्हर्लीने पट्टा सोडवला. एका बाजूची शिवण उलवली. तिचे हात आपोआप चालत होते, जसे कुवेतसाठी काढलेला पासपोर्ट परत पेटीत ठेवताना चालले होते, जसे वेनच्या लग्नात स्वतःची साखळी दीप्तीच्या गळ्यात घालताना चालले होते. खडूने नवीन रेघ आखली. रेघेच्या बाहेर दोन बोटं लोकर उरली. तेवढी कापली की हा स्कर्ट तिला पुन्हा कधी होणार नव्हता. तिने कात्री घेतली.

"लवकर आटप," ऑलिव्ह म्हणाली. "पोर ड्यूटीवरून दमून आलीय."

बेव्हर्लीने कात्रीचं एक पातं लोकरीखाली सरकवलं. थंड, जाड, वजनदार कापड. उद्या सिस्टरचा फोन येईल आणि आपण म्हणू, सॉरी सिस्टर, मम्मीची तब्येत. त्या म्हणतील, देव तुमचं भलं करो. मग पडदे येतील, ब्लाउज येतील, आणि आपण या खुर्चीसमोर बसून राहू, आणि एक दिवस या खुर्चीतच बसू. आणि आपल्यासमोर कुणी नसेल. तिला इतकी भीती वाटली की कात्री हातातून खाली ठेवावीच लागली.

"ॲश्ली," ती म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "हा स्कर्ट तुझा नाय. माझा आहे."

ॲश्ली स्टुलावरून उठली.

"मी खोटं बोलले. मम्मीला खोटं सांगितलं, तुझं नाव घेतलं. मी माझ्यासाठी शिवलाय. मला हिमाचलला काम लागलंय, शाळेत. जूनमध्ये जायचंय. मम्मीला वेन मुलुंडला नेणार आहे." कामापासून सुरुवात करायचं ठरलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. सगळं एकदम आलं, वेडंवाकडं.

पोरीचा चेहरा लालबुंद झाला. "अगं मग... सांगायचं ना आंटी. मी उगाच आले, घातला पण... सॉरी हां." तिने पर्स उचलली. 'तुला दुसरा शिवून देते' हे बेव्हर्लीच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं. गिळायला फार जड गेलं. दारातून ॲश्ली वळली, "ऑल द बेस्ट," इतकंच पुटपुटली आणि गेली.

खोलीत पंखा फिरत होता. ऑलिव्हने पत्रक मांडीवर ठेवलं.

"तुला ठाऊक होतं," बेव्हर्ली म्हणाली.

"तुला मी जन्म दिलाय. तुझं पहिलं झबलं मी शिवलंय. कळ्या बेतल्यास तेव्हाच कळलं, ह्या कमरेत दोन ॲश्ल्या मावतील." ऑलिव्ह म्हणाली. "आणि गाऊनखाली लोकर घालून भात कोण लावतं गो? तेव्हा वाटलं, आता तरी सांगशील."

"मग मलाच का नाय विचारलंस? त्या पोरीला कशाला बोलावलंस?"

ऑलिव्ह मांडीवरच्या पत्रकाची घडी घालत राहिली. गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती लागत नव्हती.

"वाटलं, देऊन टाकशील," ती म्हणाली. "तू देतेस. समोर कुणी हात पसरला की देतेस. मग मला काही बोलायलाच लागलं नसतं. आजपर्यंत कधी लागलं नाय."

बेव्हर्लीला वाटलं, आपण ओरडू. पण ओरडण्याइतका राग गोळा होईना. चक्कर, धडधड, 'तुझी मर्जी', सगळं तिला एकाच वेळी आठवलं, आणि इतक्या वर्षांत जे एक वाक्य तिच्या आईने कधी उच्चारलं नव्हतं, ते आपण न ऐकताच कसं पाळत आलो, ते दिसलं. ती उठून खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली.

"आता बोल," ती म्हणाली. "एकदा तोंडाने बोल, मम्मी. मला ऐकायचंय."

ऑलिव्हने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.  म्हातारी रडेल असं बेव्हर्लीला वाटलं, गरगरतंय म्हणेल असंही वाटलं. पण ऑलिव्हने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"राहा," ती म्हणाली. "नको जाऊ. मुलुंडला मला कोण विचारतंय? मला भीती वाटते गो. राहा."

"नाय, मम्मी," बेव्हर्ली म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

ऑलिव्हने तिला जवळ घेतलं नाही, गप्पही केलं नाही. ती खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर ती स्कूटर एकदाची लागली आणि गल्लीतून निघून गेली. मग तोंड न वळवता ऑलिव्हने विचारलं, "कितवी तारीख आहे जायची?"